पेशी आणि तिची सीमा : एक प्रस्तावना

हे पुस्तक पेशीविषयी आहे. त्यातही पेशीच्या सीमेविषयी, म्हणजे तिला वेढणाऱ्या अतिपातळ पटलाविषयी. शाळेतल्या आकृतीत हे पटल एका रेघेने दाखवतात. रेघ काढून झाली की विद्यार्थ्याचे लक्ष आतल्या केंद्रकाकडे, तंतुकणिकांकडे, हरितलवकांकडे जाते आणि रेघ मागे पडते. या पुस्तकाची वाट त्याच रेघेपासून सुरू होते. ती कशाची बनली आहे, तिच्यातून काय सहज जाते, काय अडते, कशाला ऊर्जा खर्चून ढकलावे लागते, हे आधी विचारायचे आणि मग आत शिरायचे. पेशी जिवंत आहे की नाही, हे अखेर या सीमेवरच ठरते.

पुस्तक गोंदियात लिहिले आहे आणि त्याचा विषयाशी थेट संबंध आहे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा धानाचा, तलावांचा आणि जंगलाचा. इथल्या बांध्यांत धानाची मुळे चिखलातून पाणी आणि क्षार वेचून घेतात, ती पटलातल्या विशिष्ट वाटांनी. आणि इथल्या कितीतरी घरांत सिकलसेल हा शब्द औषधाच्या चिठ्ठीवर, लग्नाच्या बोलणीत, रात्री अचानक उठलेल्या हाडांच्या वेदनेत रोजचा झालेला आहे. त्या आजाराची सुरुवात एका प्रथिनातल्या बदलात असली, तरी तो वाढतो पटलाच्या गळतीमुळे. पेशीविज्ञान म्हणजे दूरच्या प्रयोगशाळेतली गोष्ट, असे गोंदियाच्या वाचकाला वाटण्याचे काही कारण नाही.

बारावीनंतर जीवशास्त्र घेतलेले विद्यार्थी, नर्सिंग आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञानाचे विद्यार्थी, शाळेत विज्ञान शिकवणारे शिक्षक, आणि गावात सिकलसेलची तपासणी समजावून सांगणाऱ्या आशा कार्यकर्त्या डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे. रसायनशास्त्राची थोडी ओळख असेल तर उत्तम. नसेल तर ती वाटेत होईल. पारिभाषिक शब्द शक्यतो शालेय पाठ्यपुस्तकांतले, म्हणजे वाचकाच्या कानावरून गेलेले, ठेवले आहेत.

फरक राखणे म्हणजे जगणे

सुरुवात आकड्यांनी करू. आपल्या तांबड्या रक्तपेशीच्या आत, पाण्याच्या दर लिटरमागे, पोटॅशियम सुमारे १४० मिलिमोल असते. बाहेर रक्तद्रवात ते जेमतेम ४ ते ५. सोडियमचे नेमके उलट: बाहेर १४० च्या घरात, आत १० च्या आसपास. मुक्त कॅल्शियम तर बाहेर आतल्यापेक्षा दहा हजार पटींहून अधिक. या दोन जगांमधले मेदाचे पटल सुमारे ५ नॅनोमीटर जाडीचे आहे. तशी दोन लाख पटले एकावर एक रचली तर एक मिलिमीटर भरेल. एवढ्या पातळ भिंतीच्या दोन बाजूंना इतके वेगळे पाणी, आणि ते तसेच महिनोन्‌महिने.

हा फरक आपोआप टिकत नाही. रक्तपेढीत पिशवीतले रक्त २ ते ६ अंश सेल्सिअसला ठेवतात. त्या थंडीत पेशीतले पंप जवळजवळ थांबतात, पण गळती पूर्ण थांबत नाही. दिवस जातात तसे पोटॅशियम हळूहळू बाहेरच्या द्रवात उतरत राहते. म्हणून नवजात बाळाला मोठ्या प्रमाणात रक्त द्यायचे असेल तर डॉक्टर शक्यतो ताजी पिशवी मागतात. पेशी तीच, पटल तेच. फक्त राखणीचे काम मंदावले आणि दोन्ही बाजू एकमेकींसारख्या होऊ लागल्या. हा फरक पूर्ण मिटला की पेशी संपली.

आपल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांकडे पाहिले की हे चटकन उमगते. पाळीच्या एका बाजूला पाणी उंच, दुसऱ्या बाजूला बांध्या खोल. त्या उंचीच्या फरकामुळेच तुडूम, म्हणजे पाणी सोडायचे दार, उघडले की पाणी स्वतःहून धावते आणि शेत भिजवते. पेशीही असाच फरक साठवते आणि मग त्याच्या जोरावर कामे करून घेते: साखर आत ओढणे, चेतातंतूतून संदेश पाठवणे, स्नायू आकुंचित करणे. पण एक गोष्ट तलावाहून वेगळी आहे. तलाव पाऊस भरतो. पेशीला आपला तलाव स्वतःच, क्षणोक्षणी, ऊर्जा खर्चून भरावा लागतो, कारण तिची पाळ सतत थोडी झिरपत असते. विश्रांतीच्या वेळी आपले शरीर जी ऊर्जा वापरते, तिचा साधारण पाचवा हिस्सा सोडियम-पोटॅशियमचा हा फरक राखण्यात जातो असा अंदाज आहे. निजलेला माणूसही या अर्थाने कामातच असतो.

आतल्या रचना, एका प्रथिनाच्या प्रवासातून

पेशीअंगकांची यादी पाठ करून विसरली जाते. म्हणून पहिल्या भागात त्यांची ओळख एका प्रवासातून करून दिली आहे. पेरणीआधी भिजवलेल्या धानाचा दाणा घ्या. दाण्यात पिठूळ अन्न भरलेले आहे, पण अंकुराला ते तसेच वापरता येत नाही. स्टार्चची साखर व्हायला हवी. ते काम अमायलेज नावाचे विकर करते, आणि ते बनते दाण्याच्या बाहेरच्या थरातल्या आणि अंकुराला लागून असलेल्या जिवंत पेशींत.

त्या पेशीच्या केंद्रकात अमायलेजचे जनुक असते. त्याची आरएनए-प्रत केंद्रकपटलातल्या छिद्रांतून पेशीद्रव्यात येते. रायबोझोम ती वाचून अमिनो आम्लांची साखळी जोडतात, आणि ती साखळी तयार होता होताच आंतर्द्रव्यजालिकेच्या पोकळीत सरकते. तिथे तिची घडी बसते. पुढे गॉल्जी पिंडात तिच्यावरच्या साखरेच्या फांद्या छाटल्या-जोडल्या जातात आणि ती कुठे जायची ते ठरते. तिथून एक लहान पुटिका तिला घेऊन पेशीच्या कडेला येते, पुटिकेचे पटल प्रद्रव्यपटलात मिसळते आणि अमायलेज बाहेर पडते. स्रावी पेशींतला हा मार्ग जॉर्ज पॅलाडे यांनी टप्प्याटप्प्याने उलगडून दाखवला. अल्बेअर क्लोद आणि क्रिस्तियाँ द द्यूव्ह यांच्यासह त्यांना १९७४ चे नोबेल मिळाले. या साऱ्या प्रवासात अमायलेजने प्रद्रव्यपटल एकदाही भेदलेले नाही, हे ध्यानात घ्या. जालिकेच्या पोकळीत शिरतानाच जे एक पटल ओलांडले तेवढेच. पुढे ते पुटिकांच्या आतच राहिले.

या प्रवासाला लागणारी ऊर्जा, एटीपी या रेणूच्या रूपात, मुख्यतः तंतुकणिका देतात, आणि त्याही पटलाच्याच जोरावर. त्यांच्या आतल्या पटलापलीकडे हायड्रोजनचे आयन ढकलले जातात. ते परत येताना ज्या प्रथिनातून येतात ते एटीपी घडवते. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा ती सहजासहजी स्वीकारली गेली नाही. १९७८ मध्ये तिला नोबेल मिळाले. हरितलवकांतही हेच तत्त्व, फक्त ढकलणारी ऊर्जा सूर्यप्रकाशाची. लयकारिकांचे पटल आतला द्रव सामू ५ च्या आसपास आम्लधर्मी ठेवते, म्हणून त्यांतली पाचक विकरे आत काम करतात आणि चुकून बाहेर सांडली तर मंदावतात. वनस्पतिपेशीची मोठी रिक्तिका क्षार साठवून पाणी ओढते आणि पेशीला ताठ ठेवते. प्रत्येक अंगक समजून घेताना प्रश्न तोच: याच्या पटलाच्या आत काय आहे, बाहेर काय आहे, आणि तो फरक कोण राखते?

ज्या पेशीत काहीच नाही तिने शिकवलेले

पटलाचे ज्ञान आपल्याला सर्वांत जास्त कोणी दिले असेल तर ते तांबड्या रक्तपेशीने. परिपक्व मानवी रक्तपेशीत केंद्रक नाही, तंतुकणिका नाहीत, जालिका नाही. हिमोग्लोबिनने भरलेली, ७ ते ८ मायक्रोमीटर व्यासाची ती चकती आहे, आणि तिचे एकमेव पटल म्हणजे प्रद्रव्यपटल. अभ्यासाला याहून सोयीचे दुसरे काय हवे?

१८९० च्या दशकात अर्नेस्ट ओव्हर्टन यांनी वनस्पतींच्या पेशींवर शेकडो पदार्थ वापरून पाहिले आणि मेदात सहज विरघळणारे पदार्थ पेशीत लवकर शिरतात हे दाखवले. त्यावरून पटल मेदासारखे असावे असे अनुमान निघाले. १९२५ मध्ये लायडेनच्या गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी रक्तपेशींतला मेद वेगळा काढून पाण्यावर पसरवला. तो रक्तपेशींच्या एकूण पृष्ठफळाच्या दुप्पट जागा व्यापतो असे त्यांना आढळले. म्हणजे पटल दोन रेणूंच्या थरांचे. त्यांच्या मोजमापात दोन चुका होत्या: सगळा मेद निघाला नव्हता, आणि पेशीचे पृष्ठफळ कमी धरले गेले होते. या दोन चुकांनी एकमेकींना सावरले आणि निष्कर्ष बरोबर आला. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने हा प्रसंग जरूर लक्षात ठेवावा. निष्कर्ष बरोबर असणे आणि पुरावा पक्का असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी सिद्ध व्हायला पुढची काही दशके जावी लागली.

१९७२ मध्ये सिंगर आणि निकल्सन यांनी आज शिकवले जाणारे चित्र मांडले: मेदाचा दुहेरी, प्रवाही थर आणि त्यात रुतलेली, कडेकडेने सरकू शकणारी प्रथिने. मेदाने अडवायचे, प्रथिनांनी निवडून सोडायचे, असे काम वाटलेले.

या कथेत मुंबईचेही एक पान आहे. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘द लॅन्सेट’मध्ये अशा व्यक्तींची नोंद केली, ज्यांच्या रक्तपेशींवर ए, बी किंवा ओ या नेहमीच्या गटांत बसणारी खूणच नव्हती. रक्तपेशीच्या पटलावर बाहेरच्या बाजूला साखरेच्या लहान साखळ्या असतात. त्यांतली ‘एच’ नावाची मूळ साखळीच या लोकांत नसते. हाच तो जगभर ‘बॉम्बे’ नावाने ओळखला जाणारा रक्तगट. अशा व्यक्तीला ओ गटाचे रक्तही चालत नाही. पटलाला बाहेरचा चेहराही असतो, आणि तो चुकला तर जीव जाऊ शकतो, हे मराठी वाचकाच्या घराजवळचे उदाहरण आहे.

पार जाण्याच्या वाटा

दुसऱ्या भागात पदार्थ पटल कसे ओलांडतात ते पाहायचे आहे. त्याचा सांगाडा इथेच देतो.

सर्वांत साधी वाट विसरणाची. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड यांचे रेणू लहान, विद्युतभार नसलेले. ते मेदाच्या थरातून जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे जातात. फुप्फुसातली देवाणघेवाण एवढ्यावर चालते.

ग्लुकोज मोठे आणि पाण्याशी मैत्री करणारे. मेद त्याला अडवतो. त्याच्यासाठी वाहक प्रथिने असतात. ती ग्लुकोजला धरतात, आपला आकार बदलतात आणि दुसऱ्या बाजूला सोडतात. उतार ग्लुकोजचाच, ऊर्जा वेगळी लागत नाही. रक्तपेशीतल्या आणखी एका वाहकाचे, बँड-३ चे, सुमारे दहा लाख रेणू एकेका पेशीच्या पटलात असतात. एक बायकार्बोनेट बाहेर, एक क्लोराइड आत, अशी ते अदलाबदल करतात, आणि त्यामुळे शरीरातला बराचसा कार्बन डायऑक्साइड बायकार्बोनेटच्या रूपात रक्तद्रवात विरघळून फुप्फुसापर्यंत पोचतो.

आयनांसाठी वाहिन्या असतात: पटलातून आरपार जाणारी, उघडमीट होणारी छिद्रे. काही इतकी काटेकोर की पोटॅशियमला सोडतात आणि त्याहून लहान सोडियमला अडवतात. पाण्यासाठीही वेगळी वाहिनी आहे. पीटर अग्रे यांच्या गटाने ती रक्तपेशीतच शोधली आणि १९९२ मध्ये तिचे काम दाखवले. एका जलवाहिनीतून सेकंदाला अब्जावधी पाण्याचे रेणू जातात, पण आयन जात नाहीत. २००३ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये अग्रे यांचा वाटा होता.

उताराविरुद्ध न्यायचे तर पंप लागतो. येन्स स्कू यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या चेतातंतूंत सोडियम-पोटॅशियम पंपाचे विकर शोधले; नोबेल मिळायला १९९७ उजाडले. एका एटीपीच्या बदल्यात हा पंप तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. मग या फरकाच्या बळावर इतर वाहक आपले काम साधतात. आपल्या लहान आतड्यातला वाहक सोडियमला त्याच्या उतारावरून आत येऊ देतो, आणि त्याच फेरीत ग्लुकोजलाही घेऊन येतो. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये हे सुचवले. दोन्ही आत आले की पाणीही मागोमाग येते. जुलाबात आतड्याचे बाकी बरेच बिघडते, पण ही वाट बहुधा शाबूत असते. मिठाबरोबर साखर द्यायची ती याचसाठी. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगाव येथे, कॉलरा पसरला असताना डॉ. दिलीप महालनबीस यांनी शिरेतून देण्याचे सलाइन संपत आल्यावर असेच मीठ-साखरेचे पाणी तोंडाने पाजले आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आणले. आज आपल्या अंगणवाडीत मिळणाऱ्या ओआरएसच्या पुडीत सोडियम आणि ग्लुकोज दोन्हींचे प्रमाण लिटरला ७५-७५ मिलिमोल ठेवलेले आहे. त्या पुडीवर छापलेले आकडे म्हणजे पटलावरच्या एका प्रथिनाची गरज आहे.

या सर्व वाटांच्या पाठीशी परासरण आहे. पाणी कमी क्षारांकडून जास्त क्षारांकडे जाते. रक्तपेशी साध्या पाण्यात टाकली तर फुगून काही क्षणांत फुटते. धानाच्या मुळाची पेशी फुटत नाही, कारण पटलाबाहेर पेशीभित्तिका आहे. दाट मिठाच्या पाण्यात मात्र दोघीही आक्रसतात. ही आक्रसण्याची गोष्ट आता पुढच्या विषयात जीवघेणी ठरणार आहे.

सिकलसेल : गळणाऱ्या पटलाचा आजार

१९१० मध्ये शिकागोत जेम्स हेरिक यांनी एका तरुणाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी नोंदवल्या. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी या हिमोग्लोबिनचा विद्युतभार वेगळा असल्याचे दाखवले आणि रेणूच्या पातळीवरचा आजार ही कल्पना वैद्यकात आणली. पुढे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी बदल नेमका हेरला: बीटा साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत हा दोष आढळला, आणि १९५८ मध्ये शुक्ला आणि सोलंकी यांनी ‘द लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातली नोंद प्रसिद्ध केली. तेव्हापासून पूर्व विदर्भ या नकाशावर ठळक आहे. दोष आदिवासी समाजांत आहे, तसाच अनुसूचित जातींत आणि इतर मागासवर्गीय समाजांतही आहे.

बहुतेक पुस्तके इथे थांबतात: एक अमिनो आम्ल बदलले, ऑक्सिजन सुटला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून दोऱ्या बनतात, पेशी वाकते. पण चिकटायला वेळ लागतो, आणि तो वेळ किती हे पेशीत हिमोग्लोबिन किती दाट आहे यावर विलक्षण अवलंबून असते. १९७४ मध्ये हॉफ्रिक्टर, रॉस आणि ईटन यांनी प्रयोगशाळेतल्या मोजमापांतून दाखवले की हा विलंब दाटपणाच्या सुमारे तिसाव्या घाताच्या प्रमाणात घटतो. स्वतः गणित करून पाहा: दाटपणा केवळ ५ टक्के वाढला तरी विलंब चौथ्या हिश्श्याहूनही खाली येतो. केशवाहिनीतून जायला पेशीला साधारण एक सेकंद लागतो. विलंब त्याहून जास्त असेल तर पेशी वाकण्याआधी फुप्फुसाकडे परत निघते. कमी असेल तर वाटेतच अडकते.

आता पटल. पेशी वाकते तेव्हा पटल ताणले जाते आणि आयनांसाठी एक असामान्य वाट उघडते. कॅल्शियम आत शिरते. हंगेरीच्या ग्यॉर्गी गार्दोश यांनी १९५८ मध्ये दाखवले होते की रक्तपेशीत कॅल्शियम वाढले की पोटॅशियम बाहेर पडते. ज्या वाहिनीतून ते बाहेर पडते तिला आज त्यांचेच नाव आहे. ती उघडते, पोटॅशियम जाते, त्याच्यामागे क्लोराइड जाते, आणि त्यांच्यामागे पाणी. पेशी सुकते. सुकली की हिमोग्लोबिन दाटते. दाटले की पुढच्या फेरीत दोऱ्या आणखी लवकर बनतात, पटल आणखी ताणले जाते. अशा फेऱ्यांनंतर काही पेशी ऑक्सिजन मिळूनही सरळ होत नाहीत. निरोगी रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकल पेशी साधारण १० ते २० दिवस.

मूत्रपिंडाच्या आतल्या भागात लघवी दाट करण्यासाठी भोवतालचा द्रव मुद्दाम खूप खारट ठेवलेला असतो, आणि तिथे ऑक्सिजनही कमी. तिथून जाणारी रक्तपेशी पाणी गमावते आणि वाकते. त्या भागातल्या बारीक वाहिन्या हळूहळू निकामी होतात, मग मूत्रपिंड लघवी दाट करू शकत नाही आणि शरीर जास्त पाणी गमावते. मे महिन्याच्या उन्हात, तेंदूपत्त्याच्या हंगामात, सिकलसेलच्या रुग्णाला वारंवार पाणी प्यायला सांगतात त्यामागे ही पूर्ण साखळी आहे. कारण समजलेल्या माणसाला तो सल्ला पाळावासा वाटतो. म्हणूनही हे प्रकरण सविस्तर लिहिले आहे.

प्राथमिक तपासणीतही पटल आहेच. विद्राव्यता चाचणीत रक्ताचा थेंब एका द्रवात टाकतात. त्यातले सॅपोनिन पटल फोडते, डायथायोनाइट ऑक्सिजन काढून घेते आणि बाहेर आलेले सिकल हिमोग्लोबिन द्रव गढूळ करते. नळीमागच्या रेघा दिसेनाशा झाल्या की चाचणी सकारात्मक. पण त्यावरून वाहक, म्हणजे दोषाचे एकच जनुक असलेली व्यक्ती, आणि रुग्ण वेगळे ओळखता येत नाहीत. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी करावी लागते. हा भेद प्रत्येक कार्यकर्तीने लोकांना निःसंदिग्ध सांगायला हवा. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. दोन वाहकांच्या लग्नात प्रत्येक अपत्याला आजाराची शक्यता चारात एक असते. तेवढी माहिती घेऊन निर्णय करायचा, कोणाला कमी लेखायचे नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते पुरे व्हायचे तर चाचणीमागचे विज्ञान आपल्या भाषेत समजावणारी माणसे गावोगाव लागतील.

गार्दोश वाहिनी बंद करणारे सेनिकापॉक नावाचे औषध माणसांवर तपासले गेले. पेशी कमी फुटल्या, हिमोग्लोबिन वाढले. पण वेदनेचे झटके कमी झाले नाहीत आणि अखेरची चाचणी मध्येच थांबवावी लागली. एक गळती बुजवली म्हणून आजार संपला नाही. रक्तपेशी वाहिनीच्या भिंतीला चिकटतात, पांढऱ्या पेशी त्यात ओढल्या जातात, दाह वाढतो. आज सर्वांत जास्त वापरले जाणारे हायड्रॉक्सीयुरिया मुख्यतः वेगळ्या मार्गाने काम करते: ते गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वाढवते, आणि दोऱ्या बनण्यात अडथळा येतो. अभ्यासकाने यश आणि अपयश दोन्ही वाचावीत.

धानाचे मूळ

रक्तातली जलवाहिनी आणि धानाच्या मुळातले एक प्रथिन एका कुळात येतात, हे या क्षेत्रातले मला सर्वांत आवडणारे सत्य आहे. धान जमिनीतून भरपूर सिलिका घेतो. त्याच्या ताटाच्या सुक्या वजनात ती १० टक्क्यांपर्यंत असू शकते. पाने ताठ राहतात, खोड बळकट होते, कीड-रोगाला अटकाव होतो. ती सिलिका मुळात शिरते कशी? जपानमधल्या जियान फेंग मा यांच्या गटाने २००६ मध्ये तिचे प्रथिन ओळखले, एलएसआय-१, आणि ते जलवाहिन्यांच्याच कुळातले निघाले. ते मुळाच्या पेशीच्या बाहेरच्या बाजूला बसते. २००७ मध्ये त्यांनी एलएसआय-२ शोधले, जे आतल्या बाजूला बसून सिलिका पुढे ढकलते. एकाच पेशीच्या दोन बाजूंना दोन वेगळी प्रथिने, म्हणून वाहतूक एकाच दिशेने. गोंदियाच्या गिरण्यांमागे साचणारी तुसाची राख बहुतांशी सिलिकाच असते. ती एकेक रेणू करून या दोन दारांनी आत आलेली आहे.

पण निवडीला मर्यादा असतात. पाणी भरलेल्या बांधीत आर्सेनिक असेल तर त्याचा एक प्रकार सिलिकासारखाच दिसतो, आणि २००८ मध्ये दाखवले गेले की तो याच वाटांनी धानात शिरतो. पटल जे निवडते ते आकार आणि भार पाहून. हित-अहित त्याला कळत नाही. पीक-सुधारणेतला एक मोठा प्रश्न इथे उभा आहे: सिलिका येऊ द्यायची आणि आर्सेनिक अडवायचे, ते कसे?

कसे वाचावे, काय करून पाहावे

प्रत्येक प्रकरणानंतर आपल्या परिसरात करता येतील असे प्रयोग दिले आहेत. तलावातल्या हायड्रिलाच्या पानात हरितलवके पेशीद्रव्याबरोबर फिरताना साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसतात. ऱ्हिओच्या पानाची जांभळी साल मिठाच्या पाण्यात ठेवली की रससंकोच होतो, परत साध्या पाण्यात ठेवली की पेशी पुन्हा भरते. मात्र आधी उकळली तर भरत नाही. का, ते लिहून काढा. बोडीतल्या, म्हणजे लहान तळ्यातल्या, पाण्यात पॅरामेशियम सापडले तर त्याची आकुंचनशील रिक्तिका मिनिटाला किती वेळा रिकामी होते ते मोजा, आणि पाण्यात थोडे मीठ घालून पुन्हा मोजा. मोजलेला आकडा आणि अपेक्षित आकडा जुळला नाही तर दोन्ही वहीत ठेवा.

पुस्तक पहिल्या पानापासूनच वाचले पाहिजे असे नाही. आरोग्यसेवेत असाल तर सिकलसेल आणि ओआरएसची प्रकरणे आधी घ्या. शेतीकडचा ओढा असेल तर मुळांचे प्रकरण. कुठूनही सुरुवात केली तरी तिथे भेटणाऱ्या प्रथिनाला तेच तीन प्रश्न विचारा: दोन्ही बाजूंना काय आहे, उतार कोणत्या दिशेला आहे, आणि ऊर्जा कोण देते. या तीन प्रश्नांची उत्तरे देता येऊ लागली की संशोधनपत्रिकेतला लेखही पूर्वीइतका परका वाटत नाही.

या क्षेत्रात काम अजून पुष्कळ उरले आहे. सिकल पेशी वाकताना पटलात उघडणारी पहिली वाट नेमकी कोणत्या प्रथिनाची, यावर आजही संशोधन चालू आहे. आपल्या भागातल्या काही रुग्णांना त्रास कमी होतो, काहींना फार; गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन त्याचे काही उत्तर देते, सगळे देत नाही. जिल्ह्यात धोटे बंधू विज्ञान महाविद्यालयासारखी जुनी संस्था आहे, २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. या प्रश्नांचे रुग्ण, रक्त, धान आणि तलाव इथेच आहेत. त्यांवर काम करणारी माणसेही इथूनच उभी राहावीत, याच अपेक्षेने हे पुस्तक लिहिले आहे. पहिल्या प्रकरणासाठी एक कांदा, एक पाते आणि चिमूटभर मीठ घेऊन बसा.